ब्लॉकच्या बैठकीचे प्रकरण: लाकडी ठोकळ्याकडून ॲल्युमिनियमकडे

या प्रकरणातील काम दिसायला साधे होते. प्रमाणपत्राच्या वरच्या भागात बारीक दुहेरी रेघांची नक्षीदार पट्टी व तिच्या मधोमध एक बोधचिन्ह, आणि खाली हाताने जुळवलेल्या खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, पाच ओळी, असा एकरंगी फर्मा (चौकटीत आवळून बसवलेली छपाईची जुळणी) ट्रेडल मशीनवर, म्हणजे उभ्या बेडच्या छोट्या छपाईयंत्रावर, छापायचा होता. नक्षीचा भाग जस्ताच्या ब्लॉकवर कोरून घेतलेला होता आणि ब्लॉक रिवाजाप्रमाणे लाकडी ठोकळ्यावर (हीच त्याची बैठक) चुका, म्हणजे बारीक मोळे, मारून बसवलेला होता. खिळ्यांच्या ओळींतील मजकूर दर तुकडीला बदलणार होता, नक्षी मात्र कायम राहणार होती, त्यामुळे तोच ब्लॉक अनेक दिवस, थांबून थांबून, पुन्हा पुन्हा यंत्रावर चढणार हे सुरुवातीपासून ठरलेले होते. मेकरेडी, म्हणजे ठसा सगळीकडे सारखा यावा म्हणून छपाईपूर्वी करायची जुळवाजुळव, आणि यंत्रांची निगा हे माझे काम असल्यामुळे या ब्लॉकचा त्रास सर्वांत आधी माझ्याच वाट्याला आला.

पहिल्या दिवशी ठसा उत्तम आला. दुसऱ्या वेळी फर्मा चढवला तेव्हा नक्षीचा डावीकडचा खालचा कोपरा फिका पडला आणि समोरचा वरचा कोपरा भरून आला. दुहेरी रेघेतील मधली पांढरी फट तेथे शाईने बुजली. फिक्या कोपऱ्यासाठी पॅकिंगमध्ये, म्हणजे छापायच्या कागदामागच्या कागदांच्या थरात, एक कागद वाढवला, तर खिळ्यांच्या ओळी इतक्या रुतल्या की कागद पालथा करून बोट फिरवले असता अक्षरे हाताला लागत होती. कागद काढून घेतला, तर कोपरा पुन्हा फिका. शेवटी ठोकळ्याखाली त्या कोपऱ्यापुरते टिश्यूचे दोन तुकडे चिकटवून त्या दिवसाचे काम निभावले. तिसऱ्या वेळी तेच दोन तुकडे जास्त झाले होते.

प्रत्येक वेळी मेकरेडीला नव्याने वेळ लागत होता, ही तक्रार तर होतीच. मात्र मला अधिक खटकत होते ते हे की, आदल्या वेळची दुरुस्ती पुढच्या वेळी उपयोगी पडत नव्हती, किंबहुना तीच दोष ठरत होती. ज्या दोषाची जागा ठरलेली असते त्यावर कागदाचा तुकडा हा पुरेसा उपाय असतो. जो दोष जागा बदलतो त्याला कितीही तुकडे लावले तरी ते पुरत नाहीत.

मोजमाप

खिळ्यांची उंची ही या साऱ्या हिशेबातील स्थिर संख्या आहे. अमेरिकी-ब्रिटिश पद्धतीत ती ०.९१८ इंच, म्हणजे २३.३२ मिमी असते. अमेरिकेतील खिळे ओतणाऱ्या कारखानदारांनी १८८६ मध्ये अक्षरांच्या मापाची पॉइंट-पद्धत स्वीकारली, त्या सुमारास ही उंचीही तेथे रूढ झाली. फ्रेंच उंची २३.५६ मिमी आहे, म्हणजे दोहोंत पाव मिलिमीटरचा फरक पडतो, आणि छपाईच्या दृष्टीने हा फरक प्रचंड आहे. साध्या लिहिण्याच्या कागदाची जाडी सुमारे ०.१ मिमी असते, हे ध्यानात घेतले की तो किती आहे ते कळते. म्हणून दुसऱ्या उंचीचे खिळे वापरणाऱ्याने पुढील आकडे जसेच्या तसे उचलू नयेत.

आम्ही फर्मा उतरवून सरफेस प्लेटवर, म्हणजे मोजमापाच्या अचूक सपाट पाटावर, ठेवला, एक न वापरलेला खिळा संदर्भासाठी उभा केला, डायल गेज (उंचीतला बारीक फरक दाखवणारे मापक) त्यावर शून्य केला आणि मग ब्लॉकचे चारही कोपरे व मध्य तपासले. सर्वांत उंच कोपरा खिळ्यापेक्षा ०.०८ मिमी वर होता आणि सर्वांत सखल कोपरा ०.१३ मिमी खाली. शिवाय बोटाने कोपरा दाबला की ब्लॉक किंचित डुलत होता. हे डुलणे हातात घेऊन पाहताना मुळीच जाणवत नाही. सपाट लोखंडावर ठेवून समोरासमोरचे दोन कोपरे आळीपाळीने दाबले तर बारीक ‘टक’ असा आवाज येतो, तोच त्याचा पुरावा. आठवड्यानंतर, हवेतला दमटपणा उतरल्यावर, तोच ब्लॉक पुन्हा मोजला तेव्हा आकडे बदललेले होते, मात्र जस्ताची जाडी सर्वत्र तीच भरली. दोष ठोकळ्यात होता, याबद्दल मग शंका उरली नाही.

लाकूड नेमके कोठे हलते

लाकूड दमट हवेत फुगते, हे सांगण्यासाठी प्रकरण लिहिण्याची गरज नाही. ते कोणत्या दिशेने किती फुगते, हा मात्र बैठकीच्या दृष्टीने कळीचा प्रश्न आहे. रेषांच्या, म्हणजे खोडाच्या लांबीच्या दिशेने लाकूड जवळजवळ हलत नाही. वार्षिक वलयांना काटकोनात, म्हणजे गाभ्याकडून सालीकडे, ते थोडे हलते. आणि वलयांना समांतर दिशेने साधारण त्याच्या दुप्पट. हार्ड मेपलसारख्या घट्ट लाकडात आर्द्रतांश १ टक्क्याने बदलला तर वलयांना समांतर दिशेत सुमारे ०.३५ टक्के फरक पडतो. ठोकळ्याची जाडी २१.७ मिमी धरली तर हा फरक ०.०७६ मिमी होतो. आर्द्रतांश ३ टक्क्यांनी बदलला की जवळजवळ ०.२३ मिमी. छपाईत टिश्यूच्या एका थराने, म्हणजे ०.०३ मिमीच्या आसपास, ठसा बदलतो. तेव्हा लाकडाची ही हालचाल आमच्या सहनशीलतेच्या कितीतरी पलीकडची होती.

येथे एक उलटी गोष्ट लक्षात आली, आणि ती मला या प्रकरणातील सर्वांत शिकवणारी वाटते. वलये फळीच्या पृष्ठभागाला उभी येतील अशा पद्धतीने कापलेली फळी कमी वाकते, म्हणून तिला सहसा उत्तम दर्जाची मानतात. टेबलासाठी ते खरेच आहे. ब्लॉकच्या बैठकीत मात्र अशा फळीची जाडी नेमकी वलयांना समांतर दिशेत येते, म्हणजे जास्त हलणाऱ्या दिशेत. ती सपाट राहते, पण तिची उंची बदलते. उलट साध्या पद्धतीने कापलेल्या फळीची उंची कमी बदलते, पण ती वाकते. आमच्या ठोकळ्याच्या कडेवरची वलये पाहिली तर ती एका टोकाला जवळजवळ आडवी होती आणि दुसऱ्या टोकाला तिरकी चढत गेली होती. एकाच तुकड्यात दोन्ही अवगुण एकत्र आले होते आणि एकच कोपरा जास्त का हलत होता याचा उलगडा तेथेच झाला.

त्यात भर पडली धुण्याची. ठोकळ्याची वरची बाजू जस्ताखाली झाकलेली असते, खालची उघडी असते. ओलावा उघड्या बाजूने आधी शिरतो, ती बाजू फुगून बाहेर येते, आणि ठोकळा खालून फुगीर झाला की तो यंत्राच्या सपाट बेडवर डुलू लागतो. ओल्या फडक्याने ब्लॉक पुसण्याची आमची सवय या डुलण्याला हातभार लावत होती.

काष्ठठसे कोरणाऱ्यांनी ही अडचण फार पूर्वी सोडवलेली होती, हे येथे नमूद केले पाहिजे. इंग्रज काष्ठठसेकार थॉमस ब्युइकच्या काळापासून, म्हणजे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून, बारीक कोरीव काम बॉक्सवुडच्या आडव्या छेदावर होऊ लागले. त्या ठशात लाकडाच्या रेषा उभ्या, उंचीच्या दिशेने असतात. त्यामुळे हवा कशीही असली तरी ठशाची उंची जवळजवळ बदलत नाही. मग ब्लॉकची बैठकही तशीच उभ्या रेषांची का करू नये, असा विचार आम्ही केला. प्रयोगही करून पाहिला. उंची स्थिर राहिली, पण उभ्या रेषांत मारलेली चूक लाकूड घट्ट धरून ठेवत नाही. काही शेकडा ठशांनंतर जस्ताच्या कडेची एक चूक वर सरकली आणि तिचे डोके शाई घेऊ लागले. छापलेल्या कागदावर पट्टीबाहेर एक काळा ठिपका उमटू लागला, तेव्हा कोठे कळले.

पर्याय

धातूच्या बैठकीकडे वळायचे ठरल्यावर तीन पर्याय समोर होते. पहिला पर्याय जुना आहे: तिरक्या खाचा असलेल्या लोखंडी बैठकीवर आकडे, म्हणजे पकडीचे हुक, सरकवून प्लेटची कड धरायची. स्टिरिओटाइप आणि इलेक्ट्रोटाइप, म्हणजे जुळवलेल्या मजकुराच्या साच्यावरून केलेल्या धातूच्या, प्लेटसाठी ही व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या चालली, कारण त्या प्लेट जाड असत आणि त्यांच्या कडा उतरत्या कापलेल्या असत, म्हणजे आकड्याला धरायला जागा मिळे. आमच्या कामात नक्षीच्या खालच्या कडेपासून खिळ्यांची पहिली ओळ फार जवळ होती, आकड्याला तेथे जागाच नव्हती. हा पर्याय लगेच बाद झाला.

दुसरा पर्याय चुंबकीय बैठकीचा. पोलादी पाठीची फोटोपॉलिमर (प्रकाशाने कठीण होणाऱ्या प्लास्टिकची) प्लेट त्यावर क्षणात बसते, हाताने सरकवून जागेवर आणता येते, चिकटपट्टीची कटकट नाही. पण चुंबक प्लेटला सरळ वर उचलू देत नाही तितक्या जोराने आडवे सरकण्यापासून अडवत नाही. ट्रेडल मशीनचा बेड उभा असतो आणि शाईचे रूळ प्रत्येक फेरीत प्लेटवरून वरखाली फिरतात. त्यांची ओढ नेमकी सरकण्याच्या दिशेची. नेमकी जागा राखण्याची गरज नसलेल्या एखाद्या कामात हे चालून गेले असते. नक्षी आणि खिळ्यांच्या ओळी यांतील अंतर कायम राखायचे असताना ही जोखीम मी घ्यायला तयार नव्हतो. सपाट बेडच्या यंत्रावर माझा निर्णय कदाचित वेगळा असता.

उरला तो तिसरा पर्याय: घन ॲल्युमिनियमची बैठक आणि तिच्यावर चिकट फिल्मने बसवलेली, पॉलिएस्टर पाठीची फोटोपॉलिमर प्लेट. हिशेब सरळ आहे. प्लेट १.५२ मिमी, चिकट फिल्म सुमारे ०.१० मिमी, २३.३२ मधून हे दोन्ही वजा केले की बैठकीची उंची २१.७० मिमी येते. योगायोग असा की जुन्या रिवाजातील १६ गेजचे जस्त सुमारे १.६३ मिमी जाड असते, म्हणजे प्लेट आणि फिल्म यांच्या बेरजेइतकेच. एकाच उंचीची बैठक थोड्या जुळवणीनंतर दोन्हींना चालते, ही सोय आम्हाला पुढे उपयोगी पडली.

बैठक २१.७० ऐवजी मुद्दाम २१.६८ मिमीची करायचे ठरवले. सखल बैठक कागदाने वर आणता येते; उंच बैठक पुन्हा यंत्रशाळेत पाठवावी लागते. ॲल्युमिनियम उष्णतेने प्रसरण पावते, ही शंका एका सहकाऱ्याने काढली आणि ती रास्त होती. पण २० अंशांच्या फरकाने या जाडीत जेमतेम ०.०१ मिमी वाढ होते, म्हणजे टिश्यूच्या एका थराच्या निम्मीसुद्धा नाही.

पहिली बैठक का फसली

पहिली बैठक आम्ही २५ मिमीच्या लाटलेल्या पत्र्यातून कापून घेतली आणि तिची एकच बाजू मिलिंग करून, म्हणजे यंत्रावर तासून, उंचीवर आणली. यंत्रावर पकडलेली असताना ती अगदी सपाट होती. पकड सैल केल्यावर सरफेस प्लेटवर ठेवली, तर मध्यभागी ०.१२ मिमीचा खळगा. लाटलेल्या पत्र्यात लाटताना आलेला ताण साठून राहतो. एकाच बाजूचा थर काढला की दोन्ही बाजूंचा तोल जातो आणि पत्रा वाकतो. लाकूड सोडून धातूकडे आलो, आणि धातूनेही लाकडाचाच डाव टाकला, असे तेव्हा गमतीने म्हटले गेले. पण दोष धातूचा नव्हता, आमच्या घाईचा होता.

दुसरी बैठक ओतीव, ताण काढून टाकलेल्या जिग प्लेटमधून केली. दोन्ही बाजूंनी आळीपाळीने थोडे थोडे मिलिंग, मध्ये एकदा पकड सोडून पुन्हा बांधणे, आणि शेवटचा थर अगदी पातळ. ही बैठक २०० × १५० मिमीच्या संपूर्ण पृष्ठभागावर ०.०२ मिमीच्या आत सपाट निघाली. वर दर १० मिमीला बारीक जाळीच्या रेघा कोरून घेतल्या, म्हणजे प्लेट चिकटवताना काटकोन डोळ्याने साधता येतो. ही रेघांची सोय छोटी वाटते, पण चिकट फिल्मला दुसरी संधी नसते. प्लेट तिरकी टेकली तर सोलून काढावी लागते आणि सोलताना ती ताणली जाण्याचा धोका असतो.

ही बैठक चढवली, ठसा काढला आणि नक्षीची खालची कड, खिळ्यांच्या ओळीला लागून असलेली, गडद आली. इतर सर्व भाग सम. बैठक मोजली तर उंची बरोबर. प्लेट मोजली तर तीही बरोबर. येथे आमचा अर्धा दिवस गेला.

शेवटी एक जुनी चाचणी केली. फर्मा जुळवणीच्या सपाट दगडावर ठेवला, क्वॉइन (फर्मा आवळण्याच्या पाचरी) सैल केले, बैठकीच्या खालच्या कडेखाली टिश्यूची एक पट्टी सरकवून तिचे टोक बाहेर ठेवले. पट्टी ओढली तर फाटण्याच्या बेतात आली, पण सुटली नाही. मग नेहमीच्या जोराने क्वॉइन आवळले आणि पट्टी पुन्हा ओढली. ती अलगद बाहेर आली. म्हणजे आवळताना बैठकीची ती कड दगडावरून उचलली जात होती.

कारण बाजूंमध्ये होते. माथा आणि तळ यांवर आम्ही इतके लक्ष दिले होते की बाजू काटकोनात आहेत की नाहीत, हे पाहिलेच नव्हते. गुण्या लावून उजेडासमोर धरले तर खालची बाजू किंचित तिरकी निघाली: माथ्याशी रुंद, तळाशी अरुंद. अशी बैठक शेजारच्या फर्निचरला (फर्म्यातील मोकळी जागा भरणाऱ्या पट्ट्यांना) फक्त माथ्याच्या कडेने टेकते. क्वॉइनचा सारा दाब त्या वरच्या रेषेतून जातो, आणि दाब माथ्याशी पडला की सांधा कमानीसारखा वर उचलला जातो. खिळेही त्याच सांध्याला लागून असल्यामुळे त्यांचा भरणाही तेथे थोडा वर येत होता. पहिली ओळ जरा जास्त रुतत होती हे आम्ही पाहिले होते, पण त्याचा दोष पॅकिंगला देऊन मोकळे झालो होतो. पूर्वीच्या लाकडी ठोकळ्यातही हेच घडत असणार, पण लाकूड दबते, त्यामुळे तेथे ते लपून राहिले.

बाजू पुन्हा मिलिंग करून गुण्यात आणल्या. बैठकीला लागून असलेले लाकडी फर्निचर काढून धातूचे ठेवले. क्वॉइन एकदम न आवळता आधी सर्व हाताने बसवायचे, मग थापीने फर्मा समपातळीत आणायचा, आणि मग आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे, हा क्रम ठरवून तो भिंतीवर लिहून लावला. यातले शेवटचे नवे नाही. जुने कारागीर हेच करत. नवे एवढेच की टिश्यूच्या पट्टीची चाचणी आता दर वेळी होते, आणि तिला अर्धे मिनिटही लागत नाही.

बदलानंतर

त्यानंतरच्या तुकड्यांत नक्षीसाठी ठोकळ्याखाली तुकडे लावण्याची वेळ आली नाही. २१.६८ ची उणीव भरण्यासाठी बैठकीखाली टिश्यूचा एक अखंड थर टाकला, तोच पुढेही राहिला. खिळ्यांच्या ओळी कागदाच्या मागे जाणवेनाशा झाल्या, कारण नक्षी वर आणण्यासाठी सगळ्याच फर्म्यावर पॅकिंग चढवण्याचे कारण उरले नाही. माझ्या मते या बदलाचा खरा लाभ हाच आहे: ब्लॉकचा दोष खिळ्यांना भोगावा लागत नाही.

काही त्रास नव्याने आले. २०० × १५० मिमीची ही बैठक पावणेदोन किलोची आहे, तेवढ्याच लाकडी ठोकळ्याच्या जवळजवळ चौपट, आणि उभ्या बेडच्या यंत्रावर फर्मा चढवताना हे वजन जाणवते. चिकट फिल्मला तीव्र सॉल्व्हंट सोसत नाही; प्लेटच्या कडेवर ते ओतून धुतले की ते खाली झिरपते आणि कोपरा सुटतो. एकदा असा सुटलेला कोपरा रुळाने पकडला आणि प्लेटवर कायमची घडी पडली. तेव्हापासून फडके बाहेर भिजवून, पिळून, मग प्लेटवर फिरवण्याचा नियम आहे. प्लेट चिकटवण्यापूर्वी बैठकीवरचे तेलकट बोटांचे ठसे पुसणे हेही तितकेच आवश्यक ठरले.

आणखी एक गोष्ट लाकडी ठोकळ्यामुळे आजवर लपून राहिली होती. बैठक, प्लेट आणि फर्मा हे तिन्ही निर्दोष मोजले गेल्यावरही उजव्या खालच्या कोपऱ्यात ठसा किंचित फिका येत राहिला, आणि या वेळी तो दर वेळी त्याच जागी, तेवढाच फिका होता. फर्मा उलटा, म्हणजे १८० अंशांत फिरवून चढवला, तरी फिकेपणा कागदाच्या त्याच कोपऱ्यात राहिला. नक्षीबरोबर तो फिरला नाही. दोष मग यंत्राच्या प्लॅटनचा, म्हणजे कागद फर्म्यावर दाबणाऱ्या सपाट पाटाचा, होता. त्याचे मागचे बोल्ट थोडे फिरवून बहुतेक फरक गेला, उरलेला टिंपनखाली, म्हणजे पॅकिंगवर ताणलेल्या वरच्या कागदाखाली, चिकटवलेल्या एका टिश्यूच्या तुकड्याने भरून काढला. तो तुकडा आता कोणत्याही कामासाठी काढला जात नाही. पॅकिंग बदलताना त्याच्या कडा पेन्सिलने आखून नवा तुकडा त्याच जागी लावला जातो.